पावती कुणाच्या नावाची?

पाडव्याची जेवणं आटोपली होती. मुलगी आणि तिची आई आत फराळाचे डबे भरत बसल्या होत्या. आमचे जावईबापू पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. माणूस मोकळा, मनाने सरळ. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाबा, राग मानू नका, पण हे किती वर्षं चालायचं?"

हे म्हणजे सरकारी मदत. महिन्याभरापूर्वी, सप्टेंबर २०२५च्या शेवटी, सीना नदी करमाळ्यापासून मोहोळपर्यंत पात्र सोडून शेतांतून वाहिली होती. लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला होता. ज्या सोलापूर जिल्ह्याला आपण जन्मभर दुष्काळी म्हणत आलो, तिथे माणसं जनावरं सोडून पत्र्यांवर चढून बसली होती. राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, केंद्राकडून काय येणार याची चर्चा चालू होती, आणि चावडीवर एकच हिशेब होता, हेक्टरी किती.

जावईबापू म्हणाले, "माझ्या पगारातून कर कापला जातो. तो दिल्लीला जातो. दिल्लीवाले त्यातलं थोडं महाराष्ट्राला देतात, जास्त बिहार-उत्तर प्रदेशाला देतात. महाराष्ट्रात आलेल्यातलं पुन्हा तुमच्या भागाला. पाऊस नाही पडला तरी द्यायचं, जास्त पडला तरी द्यायचं. आजींनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली म्हणता. त्याला त्रेपन्न वर्षं झाली. मदतीने भाग वर येत असता, तर एव्हाना आला नसता का? की मदतीचीच सवय लागते माणसांना?"

मला राग आला नाही. मी चौतीस वर्षं तलाठी होतो, २०२२ला निवृत्त झालो. दिल्ली आणि मुंबईतलं सगळं अर्थशास्त्र शेवटी एका बांधावर येऊन उभं राहतं. तिथे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असतात, हातात पंचनाम्याचा कागद असतो. असे कागद मी किती लिहिले याची मोजदाद नाही. सवय लागलेली माणसंही मी पाहिली आहेत. त्यामुळे त्या दुपारी मी जे उत्तर दिलं ते मलाच अपुरं वाटलं. देणं म्हणजे काय, दिलेलं असतं कुणाचं, आणि घेणाऱ्याने मान खाली का घालायची, हे प्रश्न अर्थखात्याच्या फायलीत सुटणारे नाहीत. आमच्या भागातल्या संतांना मात्र ते पडले होते.

मी मूळचा मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातला, जिथल्या ३५ गावांचा पाण्यासाठीचा लढा जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काळी जमीन, परतीच्या पावसावर येणारा मालदांडी जोंधळा. तो पाऊस चुकला की वर्ष चुकलं. मंगळवेढ्याला संतांची भूमी म्हणतात. कान्होपात्रा तिथली, चोखोबांचा शेवट तिथला, आणि दामाजीपंत तिथले. दामाजींची गोष्ट मला आईने सांगितली, जात्यावर बसून. ती पुढे महिपतींच्या भक्तविजयात वाचली, पण कान अजून आईच्या गोष्टीलाच लागलेले आहेत.

दामाजीपंत बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी, मंगळवेढ्याचा कारभार बघायचे. आजच्या भाषेत तहसीलदार म्हणा. दुष्काळ पडला. पंढरपूरहून आलेला एक ब्राह्मण त्यांच्या घरी पानावर बसला आणि रडू लागला, घरी पोरं उपाशी आहेत म्हणून घास उतरेना. पंतांनी त्याला धान्य दिलं. बातमी फुटली, माणसांची रीघ लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारं उघडली. हाताखालच्या कारभाऱ्याने बिदरला कळवलं. पकडून आणण्याचा हुकूम सुटला. शिपाई पंतांना घेऊन निघाले तेव्हा वाटेत पंढरपूर लागलं, पंतांनी विठोबाचं दर्शन घेतलं. तोवर इकडे खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला विठू महार बिदरच्या दरबारात जाऊन पोचला होता. पंतांनी पाठवलंय म्हणाला, थैली उपडी केली, धान्याची सगळी किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली.

आई इथे थांबायची आणि म्हणायची, "देवानं बी पावती घेतली रं."

लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. महसूल खात्यात आल्यावर ती पावतीच मोठी वाटू लागली. देव होता तो. सुलतानाची बुद्धी फिरवू शकला असता, कोठारं पुन्हा भरू शकला असता. हे धान्य मुळात रयतेच्या घामाचं आहे, तुझा हक्क कसला, असं ठणकावू शकला असता, आणि ते खरंही होतं. गोष्ट रचणाऱ्या लोकांनी देवाला यातलं काहीच करू दिलं नाही. त्यांनी देवाला पैसे भरायला लावले. भुकेल्याला दिलेलं बरोबरच होतं, पण त्याचा भार कुणीतरी उचलायचा असतो, हे त्या माणसांना कळत होतं. आणि तो भार ज्यांनी खाल्लं त्यांच्यावर त्यांनी टाकला नाही. मंगळवेढ्यात कुणाच्या दारात वसुलीला कुणी गेलं नाही. तू खरंच उपाशी होतास का, असं कुणी विचारलं नाही.

तुकोबांची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. देहूचा दुष्काळ संपला तेव्हा त्यांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, पण फक्त आपल्या वाट्याची. भावाचा अर्धा वाटा भावाकडे ठेवला. आपलं होतं तेवढंच बुडवलं, म्हणून ते दान झालं. धर्मशास्त्रात दानाची व्याख्याच अशी आहे: वस्तूवरची आपली मालकी सोडायची आणि तिथे दुसऱ्याची मालकी निर्माण करायची. आपली मालकी नसेल तर दान होत नाही. दामाजींनी दिलं ते त्यांचं नव्हतं, म्हणून ते दान नव्हे. आणि सरकार देतं ते कधीच सरकारचं नसतं. कोणताही मंत्री, कोणताही पंतप्रधान, कोणताही तलाठी शेतकऱ्याला दान देऊ शकत नाही. त्याच्यापाशी स्वतःचं म्हणून काही नसतंच. पोत्यावर, पाकिटावर, फलकावर ज्यांचे फोटो असतात त्यांच्याविषयी माझं एवढंच म्हणणं आहे.

मग ते काय असतं?

माझ्या आईपाशी याला एक शब्द होता. १९७२ला मी आठ वर्षांचा होतो. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई तिथे माती वाहायची, नंतर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण हातोडी चुकली की बोटावरच बसायची. खडीचा ढीग मापाच्या चौकटीत भरला की मुकादम पट्टी लावायचा. संध्याकाळी ती आणि शेजारणी एकमेकींच्या केसातली भुकटी झाडत घरी यायच्या. आम्हाला शाळेत सुकडी मिळायची, घरी अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. ती थापताना मोडायची, आई तुकडे जुळवून तव्यावर टाकायची. या सगळ्याला ती कधी मदत म्हणाली नाही. "दुष्काळाचं काम" म्हणायची. तलाव पुढे पाण्याने भरला की पाळीवर उभी राहून दाखवायची, "हितली माती माझ्या डोस्क्यावरून आलीया." मरेपर्यंत ती त्या तलावाकडे आपल्या घरच्या वस्तूकडे बघावं तशी बघत होती.

त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली होती. १९७७ला कायदा झाला, १९७९च्या २६ जानेवारीपासून अमलात आला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. पुढे २००५ला केंद्राने देशभरासाठी तसाच कायदा केला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा आणला, शंभराचे सव्वाशे दिवस झाले आणि खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यावर आला. दिवस वाढले याचा आनंद आहे. पण राज्याच्या तिजोरीत खडखडाट असेल त्या वर्षी मागेल त्याला काम कोण देणार, ही चिंता मला आहे, कारण दुष्काळाच्याच वर्षी तिजोरीत खडखडाट असतो.

आमच्या राज्याच्या योजनेत एक गोष्ट होती जिचा मला अभिमान वाटतो. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ला व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या गिरणी कामगारापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत पगारदारांच्या पगारातून थोडी रक्कम कापायची, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि ती खेड्यातल्या कामाला लावायची. माझ्या पगारपत्रकावर ती ओळ शेवटच्या महिन्यापर्यंत होती, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बरोबरीचे लोक कुरकुर करायचे. मला मात्र दर महिन्याला ती ओळ वाचताना आईची चिंधी गुंडाळलेली बोटं दिसायची. मी जावईबापूंना म्हटलं, तुमच्याही पगारपत्रकावर ती ओळ आहे, काढून बघा. त्यांनी मोबाइलवर काढून बघितली. ही त्या थैलीतली तुमची नाणी, म्हटलं. बिदरला पोचलेली.

यावर ते म्हणाले, "मग काम करून पैसे, हे मला मान्य आहे. फुकट नको."

इथे मला थांबावं लागलं, कारण मीही कित्येक वर्षं असंच म्हणत आलो होतो. पण मंगळवेढ्यात चोखोबाही आहेत. वेशीचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले, असं परंपरा सांगते. ज्या गावात देव महाराच्या रूपात खजिना भरायला निघतो, त्याच गावात महार संताला वेठीने भिंतीवर राबवलं जातं आणि तो तिथेच गाडला जातो. हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं म्हणून नामदेवांनी ती ओळखली, हे आपण भक्तीने सांगतो. त्या दिवसाची मजुरी कुणी दिली होती का, हे विचारत नाही.

कामाचाही छळ करता येतो. १८७६-७७च्या दुष्काळात सोलापूर होरपळलं तेव्हा इंग्रज सरकारने कामं काढली. मोहोळ तालुक्यातला आष्टी तलाव त्याच दुष्काळात सुरू झालेला. पण इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी पुरुष मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, वर थोडे पैसे. माणूस खरोखर उपाशी असेल तरच एवढ्यावर राबायला येईल, असं त्यामागचं गणित होतं. काम ही भुकेची परीक्षा होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, आपल्या जिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली आणि ही मजुरी पुरत नाही असं ठासून सांगितलं. त्यातून आणि त्यानंतरच्या मृत्यूंतून १८८०चा दुष्काळ आयोग आला. आईची खडी आणि टेंपल साहेबांच्या छावणीतली खडी दिसायला सारखीच. आईला मात्र आपण राबतो म्हणून खातो हे माहीत होतं, तर त्या माणसांना आपण अजून किती उपाशी दिसायला हवं याची काळजी होती. आणि ज्याचे हातच चालत नाहीत, त्या म्हातारीने काय करायचं? तिने दामाजीच्या कोठाराकडे बघायचं नाही का?

आता मी जे कुणाला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

फेब्रुवारी २०१३. सांगोला तालुक्यातलं एक गाव माझ्याकडे होतं. सलग दुसरं वर्ष कोरडं, गावाला टँकर, माणशी दिवसाला २० लिटर पाणी. मी कोतवालाला घेऊन पंचनामे करत फिरत होतो. दुपारी एका वस्तीवर पोचलो. दोन एकर दहा गुंठे रान, जोंधळा गुडघ्याएवढा होऊन जागच्या जागी करपलेला, कणीस धरलंच नव्हतं. घरात एकटी बाई, साठीच्या पुढची. मी कागद काढला तशी ती म्हणाली, "भाऊसाहेब, आधी पाणी प्या. कागूद कुठं पळून जातुय?"

पितळी तांब्या तिने राखेने घासून लख्ख केलेला होता. सोबत गुळाचा खडा, वाटीतून, हातातून नव्हे. तिचं घागरभर पाणी पुढची खेप येईपर्यंतचं होतं, हे मला माहीत होतं, कारण टँकरच्या खेपांची नोंद मीच ठेवत होतो. मी अर्धा तांब्या प्यायलो आणि खाली ठेवला. तिने तो पुन्हा माझ्या हातात दिला. "उष्टं ठिवू नगा." मी सगळा प्यायलो. मग तिच्या उंबऱ्यावर बसून लिहिलं: पिकाचं नुकसान शंभर टक्के, पाण्याची सोय नाही.

ती जमीन सासऱ्याच्या नावावर होती. सासरा गेलेला, नवरा गेलेला, वारस नोंद झालेली नाही. दोन दीर, त्यातला एक मुंबईला, पाच वर्षं गावाकडे फिरकला नव्हता. सामाईक खातं म्हणजे सगळ्यांचं संमतिपत्र हवं, तेव्हा एकाच्या खात्यावर अनुदान. गावातल्या दिराने सही दिली. मुंबईचा येईना. मी दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा धाडला नाही, कामं खूप होती. मार्चअखेर आला, न वाटलेला निधी परत गेला, तिचं नाव यादीत तसंच राहिलं.

स्थानिक चौकशी करून, हमीपत्र घेऊन, वरिष्ठांकडे आग्रह धरून तिचे पैसे सोडवता आले असते. थोडा धोका होता. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला असता, वसुली लागली असती. ती माझ्या पगाराला झेपणारी होती. मी धोका घेतला नाही. दामाजींच्या गोष्टीवर मी लहानाचा मोठा झालो, आणि कोठाराची किल्ली हातात आली तेव्हा पोथी बंद ठेवली. तिचं पाणी मात्र मी प्यालो होतो. तेव्हा त्या उंबऱ्यावर दाता कोण होता आणि याचक कोण, हे मला नीट कळतं.

तिच्याकडे निदान सातबारा होता, मेलेल्या माणसाच्या नावाचा का असेना. पीक गेलं की त्याच शेतात खुरपायला येणाऱ्या बाईची मजुरीही जाते, तिच्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. राष्ट्रीय आपत्तीच्या निकषात २०२५ला कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये होते. जिच्याकडे हेक्टर नाही तिला ते लागू नव्हते. दामाजींच्या कोठारासमोर जी रीघ लागली होती, तिच्यात सातबारा किती जणांकडे असेल? हाताने पोट भरणारी माणसंच दुष्काळात आधी मरतात. जावईबापूंच्या कराचा पैसा कुठे जातो हे विचारायचं असेल तर ते इथे विचारावं. तो प्रश्न मी त्यांच्याआधी विचारीन.

सवयीचं म्हणाल तर तेही सांगतो. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. उजनी धरण १९८०ला झालं, भीमेचं ११७ टीएमसी पाणी अडवलं, आणि त्यातलं वापरता येण्याजोगं बरंचसं उसाने प्यालं. त्यासाठी करमाळा-इंदापूरची गावं पाण्याखाली गेली. धरण भरलेलं असताना मंगळवेढ्याच्या दक्षिणेला टँकर चालले आहेत. मदत चुकते ती अशी, म्हणजे भागाच्या नावाने येते आणि भागातला बळकट माणूस ती उचलतो. हे मी जावईबापूंपुढे कबूल केलं. पण त्यावरून मदत थांबवा असं ठरवलं, तर बळकटाचं काही अडत नाही. उंबऱ्यावरची म्हातारी तेवढी अडते.

आणि बिहारचं? पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांत वाटायच्या रकमेतला ६.३१७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला, बिहारला दहा टक्क्यांवर. त्या वाटणीत सगळ्यांत मोठं वजन, ४५ टक्के, एका गोष्टीला होतं: श्रीमंत राज्याच्या दरडोई उत्पन्नापासून तुमचं राज्य किती लांब आहे. जो जास्त लांब, त्याला जास्त. यावर महाराष्ट्रात तक्रार करणारे पुष्कळ आहेत, मीही चहाच्या टपरीवर केली आहे. आणि तेच तोंड घेऊन आम्ही मुंबईकडे सांगोल्यासाठी मागतो. दांडेकर समितीने १९८४ला राज्यातल्या विकासाचा अनुशेष मोजला तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तुकडे पाडले. आमचा जिल्हा उर्वरितमध्ये, म्हणजे सांगोल्याची कोरडी माळरानं उसाच्या जमिनींच्या सरासरीत जाऊन बसली. तेव्हा आम्हाला अंतर मोजलं जावं असं वाटत होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, सांगोला त्यात होतं आणि बांधाला बांध लागून असलेलं मंगळवेढा नव्हतं, तेव्हाही वाटत होतं. अंतर आपल्या बाजूने मोजायचं आणि बिहारच्या बाजूने मोजायचं नाही, हे माझ्या आईला पटलं नसतं. तिने मिलो पिकवणाऱ्या अमेरिकेतल्या शेतकऱ्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी भाकरी मोडताना म्हणायची, "कुठल्या कोण लेकराच्या बापानं पेरली असंल."

शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांसोबत माणसांचंही ऋण सांगितलं आहे, आणि ते माणसाला जन्मतःच लागतं. माझे सोलापुरातले मुसलमान शेजारी रमजानमध्ये जकात काढतात. जकात म्हणजे आमच्या धनातला गरिबाचा हक्क, दिली नाही तर आमचंच धन अशुद्ध राहतं, असं ते सांगतात. बसवण्णा मंगळवेढ्यातच राजा बिज्जळाच्या सेवेत होते असं मानतात. त्यांच्या लिंगायत परंपरेत दान आणि दासोह वेगळे आहेत. दानात देणारा वर उभा असतो, दासोहात तो दास असतो. विठू महाराची घोंगडी मला तिथली वाटते. देवाने मदत पोचवताना राजाचा वेश घेतला नाही.

निवृत्त झाल्यापासून मी रोज पहाटे सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाला फेरी मारतो. बाराव्या शतकात, हे गाव सोन्नलगी होतं तेव्हा, सिद्धरामेश्वरांनी लोकांना जमवून तळी खोदली, पाणी अडवलं. या कोरड्या मुलखात धर्म म्हणजे पाणी, हे त्यांनी ओळखलं होतं. बसवण्णांच्याच परंपरेतले संत अल्लमप्रभू इथे आले तेव्हा त्यांनी या मोठ्या योग्याला वड्डर म्हणून हाक मारली. खोदणाऱ्यांना राग आला, त्यांनी दगड मारले. अल्लमप्रभूंचं भांडण तळ्याशी नव्हतं. हे मी करतो, मी लोकांना पाणी देतो, या भावनेशी होतं. सिद्धरामांनी ते ऐकलं, असं शून्यसंपादने या ग्रंथात सांगितलं आहे. तळं तसंच राहिलं, आजही पहाटे त्यात देवळाचं प्रतिबिंब पडतं.

आता मी सोमवारी एका तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसतो. वारस नोंदीचे अर्ज लिहून देतो, बायकांचे आधी. संमतिपत्रासाठी मुंबईला, सुरतेला फोन लावतो, दोनदा नाही, सही येईपर्यंत. पैसे घेत नाही. सांगोल्याची ती बाई हयात नाही. तिच्या सुनेचा अर्ज मी गेल्या पावसाळ्यात लिहिला, सासऱ्याच्या वडिलांपासूनची वंशावळ काढून. नोंद मंजूर झाली तेव्हा ती पदराच्या गाठीत भाजलेल्या शेंगा घेऊन आली. मी नको म्हणालो. ती तशीच उभी राहिली, ओंजळ पुढे करून, आणि मला तो तांब्या आठवला. मी रुमाल पसरला. तिने मापून तीन ओंजळी टाकल्या आणि नातवाच्या शाळेचा दाखला काढून म्हणाली, "आता ह्याचं काय लागतंय ते बगा."